रस्त्यावर टाकलेला चोथा

सभेचे अध्यक्ष आणि औषधशाळेचे प्रमुख कॉम्रेड थोंग, व्यासपीठावर बसलेले आपल्या जुन्या पेठेतले वैद्य, आज निवृत्त होणाऱ्या आदरणीय बियान सूयुनबाई, आणि समोरच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो,

मी भाषण लिहून आणत नाही. आज आणावं लागलं, कारण आपण छापलेल्या पत्रिकेत एक वाक्य खोटं आहे. ‘वडिलांनी कन्येला दिलेला बारा औषधांचा काढा आज शाळेच्या स्वाधीन होत आहे.’ बाईंनी त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढून पत्रिका माझ्याकडे पाठवली. सोबत निरोप, की हे दुरुस्त झाल्याशिवाय कृतीचा कागद त्यांच्या हातून सुटणार नाही. दुरुस्ती मी करायची, कारण त्यांना सभेत बोलण्याचा कंटाळा.

तर दुरुस्ती. मागच्या रांगेतल्यांनी सूर्यफुलाच्या बिया फोडणं थांबवावं.

ज्यांचे केस पिकलेत त्यांना सम्राटांच्या काळातली आपली चांगशूची औषधांची पेठ आठवत असेल. नदीवर होड्यांतून मुळ्यांचे भारे उतरत. सुऱ्यांचा आवाज सुरू झाला की पेठ जागी झाली असं समजायचं. पिओनी या फुलझाडाच्या मुळाच्या चकत्या इतक्या पातळ निघत, की कापणारा तोंड फिरवूनच शिंकत असे. आज आपल्याकडे यंत्र आहे. यंत्र चांगलं आहे. पण शिंकेला भ्यावं अशी चकती त्यातून पडलेली मी अजून पाहिली नाही.

त्या पेठेत ज्याच्या घरात तीन पिढ्यांची वैद्यकी नाही त्याचं औषध लोक घेत नसत. म्हणून घराण्याची कृती म्हणजे घराण्याचा प्राण. ती मुलाला सांगायची, सुनेला सांगायची, मुलीला नाही. मुलगी परक्या घरी जाणार, तिच्याबरोबर काढाही जाईल. बाईंचे वडील थोर वैद्य होते, यात शंका नाही. पडद्याबाहेर आलेल्या मनगटावर तीन बोटं ठेवून बाळंतिणीचा दिवस कितवा ते सांगत. पण मुलगी दारात आली की कागद पालथा घालत.

मग ही मुलगी शिकली कुठे? रस्त्यावर. रोग्याच्या काढ्याचा चोथा तेव्हा रस्त्यात ओतत. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांबरोबर आजार निघून जावा म्हणून. सूयुन वडिलांच्या रोग्यांच्या दारासमोर बसून काडीने तो चोथा उकरायची. शेजारणी म्हणत, वैद्यांची पोर कोंबडीसारखी उकरते, घरी जेवायला घालत नाहीत वाटतं. तीन वर्षांत तिने अकरा औषधं ओळखली. बाळंतिणींचा तो काढा बाराचा, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक. बारावं सापडेना.

ग्वांगश्यू सम्राटांच्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, वडील आणि भाऊ दोघेही दूर गेलेले असताना, वहिनी बाळंत झाली. पाचव्या दिवशी पोटात कळा आणि ताप. घरात त्या वेळी कृती जाणणारी ती वहिनीच एकटी. आणि नणंदेला औषधाचं नाव सांगणार नाही, अशी तिने पूर्वजांच्या नावांच्या पाटीसमोर शपथ घेतलेली. सूयुनने विचारलं. वहिनीने मान हलवून नाही म्हटलं. शेवटी सूयुनने अकरांचाच काढा करून आणला. वहिनीने एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली.

“वन्सं, चोथ्यातले कोळसे निवडून टाकत होतात ना?”

“टाकणारच. चुलीतला कोळसा कोण औषधात घालतं?”

“स्वच्छतेची भारी हौस तुम्हाला. कधी चावून बघितलात?”

सूयुन उठून गल्लीत गेली. कुणाच्या तरी दारासमोरच्या चोथ्यातला काळा तुकडा तिने दाताखाली धरला. तिखट लागला. काळी होईपर्यंत भाजलेली सुंठ. तीन वर्षं बारावं औषध ती स्वतःच्या हाताने बाजूला फेकत आली होती.

वहिनी वाचली. एक रोगी बरा झाल्याने कृती सिद्ध होत नाही, हे मी वर्गात सांगते आणि इथेही सांगते. तो कागद शाळेला हवा आहे तो कृती पडताळून पाहण्यासाठीच.

वडील परतले, ते स्वतःच्या दारासमोरचा बाराही औषधांचा चोथा पाहून थबकले. सुनेला त्यांनी विचारलं, शपथेचं काय झालं?

“मामंजी, मी कोळशाबद्दल बोलले. औषधाबद्दल अवाक्षर काढलं नाही.”

 मग ते मुलीला म्हणाले, की आता तिला परक्या घरी देता येणार नाही. दिली नाहीच. बाई त्यावर कधी बोलल्या नाहीत, तेव्हा मीही बोलत नाही. जुन्या पेठेची आठवण निघाली की आपल्याला तिचा वास तेवढा आठवतो, इतकंच म्हणते.

वहिनी चौदा वर्षांपूर्वी वारल्या. घराण्याच्या वंशावळीत त्यांची नोंद ‘श्युंगांकडून आलेली सून’ एवढीच आहे. नाव नाही. काल मी बाईंना विचारलं, शोध तर तुमचा, शाळेच्या नोंदीत तुमचंच नाव घालू का? माझ्याकडे मठ्ठ विद्यार्थिनीकडे पाहावं तसं पाहून त्या म्हणाल्या, “शोधलं कुठे? मी तर फेकत होते.”

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना कुणाच्या पूर्वजांचा मान राखायचा राहिला असेल तर तो दोष माझा समजून पोटात घालावा. दुरुस्तीबद्दल मात्र मी क्षमा मागणार नाही. आता बाईंनी कागद माझ्या हाती दिला आहे. नोंद वाचते, लेखनिकांनी जशीच्या तशी उतरवावी.

आज शाळेस मिळालं: बारा औषधांच्या काढ्याची कृती, कागद एक. देणारी, श्युंग लानझी. पोहोचवणारी, बियान सूयुन.