तात्यांच्या जीपचा टर्बो

मला एका जागी बसवत नाही हे तुम्हाला माहीतच आहे, पण त्या दसऱ्यानंतर तर मी झोपेतही पाईप आवळत होतो.

पौडला माझं गॅरेज होतं. तात्या डिझेल जीपमधून पुण्याला दूध न्यायचे. त्या जीपला मी बाहेरून आणलेला टर्बो बसवला होता, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. भरल्या कॅनसकट गाडी पिरंगुटचा घाट पळत चढायची.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तात्या तणतणत आले. "घाटात गाडी दमच धरंना. दूध नासलं माजं!"

मी गॅरेजात हवेचा फिल्टर काढून रेस दिली, तर टर्बो ठणठणीत. फिल्टर लावून घाटात गेलो, तर काळा धूर आणि रांगणं. पाईप बदलले, क्लिपा बदलल्या, टर्बो दोनदा उतरवला. तात्यांना खोदून खोदून विचारलं, त्यांच्या डिझेललाही नावं ठेवली.

तिसऱ्या दिवशी घाटातच बॉनेट उघडलं आणि ओरडलो, "तात्या, आता फिल्टर न काढता रेस द्या!"

इंजिन गरजलं आणि एकदम गुदमरलं. फिल्टरच्या नळीत बोटं घातली, तर आतल्या जाळीला विड्याचं पान चिकटलेलं. रेस दिली की ते जाळीवर ओढलं जायचं, सोडली की आपोआप सुटायचं, आणि फिल्टर काढला की त्याच्याबरोबरच बाजूला व्हायचं.

तात्यांनी पान उजेडात धरलं. "दसऱ्याला इंजिनाला विडा कुणी ठिवला व्हता?"

"मीच."

"मंग? तुमीच खाऊ घातलं, आन् तीन दिस मलाच इचारताय, ह्याला ठसका का लागतोय!"