वैशालीचा रिपोर्ट

तुम्ही सगळे आपल्या साहेबांना शिव्या घालताय, पण आधी माझं ऐका. रंगीत स्क्रीनचे मोबाइल नवे होते तेव्हा मी कॉलेज रोडवरच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर होतो. आमच्या गेममुळे लोकांचे फोन बंद पडायला लागले आणि कंपनीची पार अब्रू गेली. तिथले साहेब आमच्यासमोरच क्लायंटला फोनवर म्हणाले, "टेस्टिंगवाल्यांनी चूक सांगितलीच नाही. सगळ्यांना आजच काढतोय."

टेस्टर वैशाली ताडकन उठली. तिचे रिपोर्ट माझ्याकडेच यायचे. "मी दोनदा लिहून दिलं होतं!"

साहेबांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "तुझ्याकडे आलं होतं?"

आलं होतं. पण बायकोला सातवा महिना होता. मी म्हणालो, "नाही, सर."

महिन्याभरात माझीही नोकरी गेली. पुढे सीबीएसच्या बस स्टँडवर वैशाली भेटली. मी माफी मागितली.

ती म्हणाली, "साहेबांचं सोडा हो. मी तुमच्याकडे बघत होते."