दौंडचे पाहुणे आन् मालवणचे मासे

माझं लग्न कसं जमलं, ते तुम्हाला सांगितलंच न्हाई की! दौंडचे पाहुणे शिरूरला मला बघायला आले. मुलाच्या आत्याबाई एकट्याच बोलत होत्या. त्यांनी विचारलं, “सुट्टीत काय करतीस गं?”

आई घाईनं म्हणाली, “भरतकाम!”

मी म्हणाले, “मालवणला जाते. समुद्रात बुडी मारून प्रवाळाच्या खडकांवरचे मासे मोजते. हौस म्हणून.”

“आन् मोजून घरी आणतीस?”

“न्हाई, तिथंच ऱ्हात्यात.”

आईनं कपाळाला हात लावला. आत्याबाईंनी मला संसार समजावून सांगायला घेतला. त्या श्वास घ्यायला थांबल्या, तवा मुलानं पहिल्यांदा तोंड उघडलं. “पाण्याखाली बोलता येतं का?”

“अजिबात न्हाई. नुसत्या हाताच्या खुणा.”

त्यानं आत्याबाईंकडं बघितलं आन् हळूच म्हणाला, “मला बी शिकवाल?”