महाराजांच्या हातातली सुई

मी यशवंतपूरची. जन्म इथला, लग्न इथलं, मराठी आमची घरातली आणि उंबऱ्याबाहेर सगळं कन्नड, म्हणून माझ्या बोलण्यात स्वल्प इकडचं तिकडचं येतं, सांभाळून घ्या. आम्ही शिंपी. माहेरी मशीन, सासरी मशीन. आमचे यजमान कोट शिवायचे आणि काजं मी करायची, हातानं, चाळीस वर्षं केली, ही बोटं बघा, सरळ होत नाहीत आता.

तर आमच्या समाजाचे संत, तेही शिंपीच, आम्ही नुसतं महाराज म्हणतो, त्यांचा पुतळा चौकात बसवायचं ठरलं. यजमान म्हणाले, महाराज शिवताना दाखवा, मांडीवर कापड, हातात सुई, ओठांवर देवाचं नाव. सगळे सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाले. मूर्तिकार आमच्या दुकानात येऊन बसायचा, यजमानांचे हात बघत, अण्णा, परत एकदा दोरा ओवा म्हणायचा, आणि हे लाजत लाजत ओवायचे. मातीचा नमुना झाला तेव्हा मी बघितला, चेहरा महाराजांचा, पण हात, काय सांगू तुम्हाला, हात आमच्याच माणसाचे, अंगठ्याचं वाकडं नखसुद्धा. ह्यांनी त्या मातीच्या हातांवरनं नुसता हात फिरवला. महिन्याभरात हे गेले.

मग समितीत नवी मंडळी आली. म्हणतात कसं, सुई नको, चौकात बरं दिसत नाही, टाळ द्या. मी बैठकीत मागं बायकांत बसले होते, उठले. म्हटलं, बरं दिसत नाही म्हणजे काय? महाराजांना लाज वाटली नाही आणि तुम्हाला वाटते? अध्यक्ष म्हणाले, अक्का, बसा, तुमच्या भावना समजतात. तेवढ्यात माझाच मुलगा उठला, इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या कंपनीत आहे तो, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, आई, किती दिवस आम्ही टेलरची पोरं म्हणवून घ्यायचं? माझं डोकंच फिरलं. अरे, तुझं इंजिनिअरिंग कशावर झालं, टाळ वाजवून? ओरडलेच मी. हात वर करून ठरवलं, त्यात माझ्या पोराचा हात पहिला.

मी तशीच येलहंक्याला मूर्तिकाराकडं गेले, म्हटलं, ते मातीचे हात तरी मला द्या. तो खाली बघत म्हणाला, अक्का, ते मोडले, त्याच मातीचे टाळाचे हात केले.

उद्घाटनाला मला स्टेजवर बोलावलं होतं, शाल द्यायला. गेले नाही. काय करायचीय शाल?

आता महाराज चौकात बसलेत टाळ घेऊन. बस तिथनं वळते तेव्हा मी हात जोडते, महाराजांवर माझा राग नाही. पोरगाही सुखात राहू दे, देव त्याला भरभरून देवो. पण परवा ऑफिसच्या शर्टाची शिवण उसवली म्हणून घेऊन आला, आई, दोन टाके घाल म्हणाला. मी हात लावला नाही. म्हटलं, कोपऱ्यावर टेलर बसतो, त्याच्याकडं जा, आणि आधी त्याला अण्णा म्हण, मग शर्ट दे.