जोथमचे हातमोजे

(हार्टफर्ड. हिवाळ्यातली सकाळ. विधानसभेसमोरची भाड्याची खोली.)

ओबेड : कॉफी नको. अर्धी कपात, अर्धी मांडीवर. कशाला ती शोभा?

जोथम : एवढा वाढलाय कंप?

ओबेड : आमदारसाहेबांनी आज विचारलं बाबा! आणि हे काय, शेकोटीपुढंही हातमोजे?

जोथम : थंडी बाधते मला.

ओबेड : मला सांगतोस? वीस वर्षं एका हौदावर हॅट केल्या आपण. सशाच्या लवेला पारा फासायचा अन् वाफेत वाकून मळत बसायचं.

जोथम : का आलास, ओबेड?

ओबेड : आपल्या हौदावरचा एनॉक गेला, परवा. पान गळताना एकदाच थरथरतं रे. एनॉक सहा वर्षं थरथरला. बायको चमच्यानं भरवायची, तो भिंतीकडं बघत गिळायचा. अन् मूठमातीला आलेला मालक म्हणतो, पिऊन मेला.

जोथम : एनॉक कधीच पीत नव्हता.

ओबेड : हे मला नको, दहा वाजता तिथं सांग. पाऱ्याची वाफ बाहेर जायला कारखान्यांच्या भिंतींत खिडक्या पाडायचा कायदा आजच येतोय ना?

जोथम : येतोय. मालकांचा माणूस उठेल, म्हणेल, हॅटवाल्यांचे हात दारूनं कापतात. गेल्या वर्षीही हेच म्हणाला.

ओबेड : अन् तू?

जोथम : खाली बघत बसलो.

ओबेड : तू? जन्मात थेंबाला शिवला नाहीस. दारूबंदीवाल्यांनीच निवडून दिलं तुला.

जोथम : म्हणूनच. हे मोजे काढले की तेच म्हणतील, जोथम चोरून पितो. मग पुढल्या वेळी मत कोण देईल? आणि परत हौदावर उभं राहायला हात कुठे उरलेत?

ओबेड : म्हणजे तुझेही...

जोथम : तीन वर्षं झाली. सगळे जेवायला गेले की मी सही करतो.

ओबेड : एनॉकची बायको म्हणाली, जोथमकडं जा, तो आपल्यातला आहे. मी म्हणालो, होता.

जोथम : किती वाजले?

ओबेड : नऊ.

जोथम : हे मोजे ओढ जरा. घट्ट बसलेत.

ओबेड : अरे देवा. माझ्याहून वाईट.

जोथम : राहू देत इथंच, टेबलावर. आता कोट. बटणं रोज घरमालकीण लावून देते, आज ती बाजारात गेलीय.

ओबेड : माझ्यानं तरी कुठं लागतात?

जोथम : तू काज धर, मी बटण धरतो.

ओबेड : तास जाईल एवढ्यात.

जोथम : जाऊ दे. तास आहे आपल्याकडे.