वस्तादांचा नवा पवित्रा

अध्यक्षस्थानी बसलेले आमच्या वस्तीचे प्रमुख अब्लोर, व्यासपीठावरचे थोर पाहुणे, तालमीचे वस्ताद लोमोते, ज्याच्यासाठी हा मांडव घातलाय तो माझा ओकाइजा, आणि तळणाच्या वासावर जमलेले बुकोमचे समस्त रहिवासी!

मी देदेई. शाळेत फार टिकले नाही. मक्याची केंकी आणि तळलेली मासळी विकते. बहीण गेल्यावर तिच्या ओकाइजाला मी वाढवला, म्हणून आज दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. चार झाले तर ऐकून घ्या.

मघापासून सगळे सांगताहेत की आमचा बॉक्सर कीर्तीच्या शिखरावर असताना स्वखुशीने निवृत्त होतोय. किती छान! ऐकून मलाही खरं वाटायला लागलं. त्याचा डावा डोळा तेवढा नाखूश होता, पण डोळ्याला कोण विचारतो?

वस्ताद, रुमाल किती हलवताय? माझं बोलणं एवढं कंटाळवाणं, की माशा मारायची पाळी आली? बरं, असो.

तर अजिंक्यपदाच्या पट्ट्याची लढत तोंडावर आली होती. एका सकाळी हा माझ्या दुकानात बसून हवेत हात मारायला लागला.

"मावशी, माशा फार झाल्यात तुझ्याकडे."

"माझ्याकडे? जाळीखाली झाकून ठेवते मी सगळं! फुकट खातोस ते खातोस, वर नावं ठेवतोस?"

बघितलं तर एक माशी नाही. मग म्हणाला, डोळे मिटले तरी कडेला वीज चमकते. गेला वस्तादांकडे. त्यांना तर सगळ्यातलं कळतं! म्हणाले, "समुद्राच्या पाण्याने डोळा धू. डॉक्टरचं नाव काढू नकोस, लढत हातची जाईल." आणि दुखत कुठे होतं? आमच्याकडे जे दुखत नाही तो आजार नाही, आणि जे दुखतं तो सराव!

पुढे याची हनुवटी डाव्या खांद्याकडे वळायला लागली. वस्तादांना काय आनंद! "बघा, हा लोमोते पवित्रा!" झालं. अख्खी तालीम माना वाकड्या करून ठोसे मारायला लागली, जणू सगळे एकाच उशीवर झोपून उठलेत. पेपरवाल्याने फोटोसुद्धा काढला. पोरगा मान का वळवतो, हे विचारायला मात्र एवढ्या जाणत्या माणसांत कुणाला सवड नव्हती.

मला तरी कुठे अक्कल होती? मला कळलं ते मिरचीमुळे. याची मिरची मी लहानपणापासून डावीकडे वाढते. त्या दिवशी म्हणतो, "मावशी, मिरची विसरलीस."

"ती काय तुझ्या कोपराशी!"

मान पूर्ण वळवली तेव्हा कुठे दिसली.

"ओकाइजा, खरं सांग."

"डावीकडून काळं कापड ओढल्यासारखं होतंय गं. कालच्यापेक्षा आज जास्त."

"आणि तुझे वस्ताद काय म्हणतात?"

"पवित्रा जमलाय म्हणतात."

कढई उतरवली आणि याला तसाच दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, आत बघितलं आणि आम्हाला फैलावर घेतलं. "डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटत चाललाय. माशा दिसल्या, वीज चमकली, त्याच दिवशी आला असतात तर फाटलेल्या जागेभोवती लेझर मारून भागलं असतं. आता ऑपरेशन."

पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅस भरला आणि पोराला दिवसच्या दिवस पालथं झोपवलं. वस्ताद भेटायला आले आणि उशाशी उभे राहून म्हणाले, "माझा पठ्ठा रिंगणात कधी असा पडला नव्हता." केवढा अभिमान!

आता त्या डोळ्याला माझं तोंड ओळखू येतं, पेपरातली अक्षरं लागत नाहीत. तोंडावर ठोसा पुन्हा घ्यायचा नाही, असं बाईंनी बजावलंय. ही त्याची स्वखुशी.

वस्ताद, तो रुमाल खाली ठेवा बघू. माझा सगळा जन्म मासळीत गेला, माशी कुठे असते ते मला कळतं. या मांडवात एकही नाही. पंखे बघा केवढे फिरताहेत. मग तुम्ही मघापासून हाकलताय काय?

काय? मोठ्याने बोला. "कालपासून दिसताहेत, डोळा दुखत नाही, उद्या बघू"?

आणि वीज? चमकते ना कडेला? मान कशाला खाली घालता! तुम्हीसुद्धा आयुष्यभर ठोसेच खाल्लेत ना? ओकाइजा, ऊठ. हार राहू दे गळ्यात. वस्तादांचा तो हात धर, हा मी धरते. समुद्राच्या पाण्याचं नाव काढलं तर इथेच एक ठोसा देईन, पोटात.

अध्यक्ष महाराज, मांडव घातल्याबद्दल, मला बोलू दिल्याबद्दल आणि तुमची गाडी आता दवाखान्यापर्यंत देणार आहात त्याबद्दल आभार. शब्द कमीजास्त गेला असेल तर पोटात घाला. वाढायला मी थांबत नाही. केंकी टोपलीत आहे, मासळी जाळीखाली, मिरची सगळ्यांच्या डावीकडे ठेवलीय. ज्याला ती मान न वळवता दिसणार नाही, त्याने जेवू नये. सरळ आमच्या मागोमाग गाडीत बसावं.