दुपारी उघडे राहणारे फाटक

बागेचा विषय निघालाच आहे, तर सांगते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. परळला आमच्या चाळीसमोर बाग करण्यासाठी पालिकेने निधी मंजूर केला आणि एक अधिकारी आमच्या महिला मंडळाला आराखडा दाखवायला आले. बैठक मी मुद्दाम भर दुपारी, शेवंताबाईंच्या खोलीत ठेवली होती.

आराखड्यात मधोमध कारंजे होते आणि बाग दुपारी बंद राहणार होती.

"अहो, आम्हांला दुपारीच तर बाग हवी," शेवंताबाई कुजबुजल्या.

"उन्हात येणार कोण?" अधिकाऱ्यांचा आवाज चढला.

"हळू बोला," मी म्हटले. "रात्रपाळी करून आलेले यांचे यजमान कोपऱ्यात झोपले आहेत. चाळीत खोलीखोलीत हेच असते. मुलांना दुपारभर हसण्याचीही चोरी. त्यांनी जावे कुठे?"

अधिकारी वरमले, परंतु लगेच, कुजबुजत का होईना, कारंज्याची थोरवी सांगू लागले.

बऱ्याच वेळाने कोपऱ्यातली चादर हलली. "सायबानू, कारंजा नको. त्या पैशांत सावलीची झाडां लावा. आणि आता माका जरा निजाक द्या!"

आम्ही सगळे निमूटपणे जिना उतरलो. खाली भर रस्त्यावर आल्यावरही अधिकारी कुजबुजतच म्हणाले, "बाई, फाटक दुपारी उघडे राहील."